सातव्या प्रकरणातली मुलगी

४ ऑगस्ट

दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता आमच्या कारकुनाकडून लिहून घेतलाय. नऊ वर्षांत मी शिकलेली लबाडी एवढीच.

माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगते. काम आहे म्हणून लिहितेय. तुझ्या प्रकाशकांचं पत्र आलंय. ‘वाऱ्याकडचं दार’ शाळांच्या यादीत लावायचं घाटतंय, एकूण एक शाळांच्या, आणि त्यासाठी त्यांना एका अनुभवी बालग्रंथपालाचं शिफारसपत्र हवंय. अनुभवी म्हणजे मी. माझं सासरचं नाव बघून त्यांना कळलेलं नाही की ही लेखकाची पाठची बहीण आहे. मीही कळू दिलेलं नाही. एकतीस तारखेपर्यंत सही करून द्यायचंय.

काय दिवस आलेत बघ. ज्या पुस्तकापायी मी तुझं तोंड बघत नाही, त्याचीच भलामण करायची पाळी माझ्यावर.

आणि मी ती करणार आहे. पुस्तक चांगलं आहे. लेखक कसा आहे हा वेगळा विषय. तू पाठवलेली प्रत मी घरात ठेवली नव्हती. दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयाचा शिक्का मारून कपाटात लावून टाकली. पण मुलं तिला कपाटात राहू देतील तर ना. तीनदा बांधून घेतली, आता चौथ्यांदा बाइंडर बाईंकडे गेलीय. सातव्या प्रकरणाचा अख्खा फर्मा, एकत्र शिवलेल्या पानांची गड्डीच, सुटून हातात येतो, इतक्या वेळा तेच प्रकरण उघडलं जातं.

माझी एक पद्धत आहे. शनिवारी दुपारी मुलांना मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मी कुठल्याच पुस्तकाची शिफारस करत नाही. ज्या पानाला चुळबुळ सुरू होते ते पान खोटं, हा माझा आडाखा. तुझं पुस्तक चार वेळा वाचून दाखवलंय. सरहद्दीवर फुकट जमीन मिळतेय म्हणून निघालेले आईबाप, पाच मुलं, एक गाडी. नदीच्या वळणावर दोन शेंड्यांच्या टेकडीखाली त्यांना सापडलेलं रिकामं घर, त्याचं दार भलत्याच बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर. ऐकताना एकही मूल हलत नाही. सातव्या प्रकरणात बाप दाराच्या चौकटीवर चाकूने मुलांच्या उंचीच्या खुणा करतो, पहिल्याच हिवाळ्यात त्यातली दोन मुलं जातात, आणि तिथे माझी सगळी मुलं नाकं पुसायला लागतात. धाकटीच्या तिरक्या खुणेपाशी तर मीही.

आजीच्या माहेरची ती खरी चौकट आज तुझ्या घरात आहे, म्हणून थोडं जास्तच. आजीच्या त्या गेलेल्या बहिणीची तिरकी खूण आपण ओलांडली तेव्हा घरात केवढं कौतुक झालं होतं. ‘मावशीआजीला गाठलंस,’ म्हणाले होते मला सगळे.

असो. शिफारस देते, पण बदल्यात माझ्या तीन वह्या परत पाठव. आजीच्या शेवटच्या वर्षी तिच्या उशाशी बसून मी एकेक शब्द उतरवून घेतला. तू ‘वाचायला’ म्हणून वह्या नेल्यास, त्यातून पुस्तक काढलंस, अर्पण केलंस ‘आजीला’. माझं नाव कुठेच नाही. मी काय, नुसता शाईचा खर्च.

मुंगी

(सवयीने लिहिलं. खोडत नाही, कागद चांगला आहे.)


१२ ऑगस्ट

दादा,

अक्षराकडे बघू नकोस. घाईत लिहितेय.

आज सकाळी बाइंडर बाई आल्या. सत्तावीस वर्षं आमची पुस्तकं बांधतायत, पण त्यातली एक ओळ कधी वाचलेली नाही. मी विचारलं तर म्हणायच्या, ‘वाचत बसले तर बांधू कधी?’ आल्या की पुस्तकं मोजून देणार, वहीत माझी सही घेणार आणि उभ्याउभ्याच जाणार. आज बसल्या. फडक्यात गुंडाळलेलं तुझं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. बांधलेलं नव्हतं, सुटी पानं तशीच.

‘हे कुणी लिहिलंय?’

‘नाव आहे की वर,’ मी म्हटलं.

‘नाव वाचलं. माणूस कोण? याला हे घर कुठे दिसलं?’

‘कादंबरी आहे, बाई. रचलेलं असतं.’

‘टेकडी रचली, नदी रचली, मान्य. पण दार वाऱ्याकडे कोण रचेल?’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या आजोबांनी पाया खणताना दिशा चुकवली. सगळ्या वस्तीची दारं वाऱ्याला पाठ करून, आमचं एकट्याचं तोंडावर. लोक हसले. आजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, मुद्दाम केलंय, चूल चांगली पेटते. माझी आई अजून ही गोष्ट सांगते आणि पोट धरून हसते.’

मी म्हटलं, योगायोग असेल.

त्यांनी सुट्या पानांतून एक पान काढलं. सातव्या प्रकरणाची पानं क्रमाने लावताना नजर पडली, मग थांबता आलं नाही म्हणाल्या. ‘हे बघा. इथे लिहिलंय, तापाने मुलीला उभं राहवेना, म्हणून चाकू घसरला आणि खूण तिरकी झाली. ताप कुठला आलाय. मामाने काखेत गुदगुल्या केल्या म्हणून ती हलली. चौकटीवर दोनच खुणा होत्या, वरची मामाची, खालची तिरकी आईची.’

‘तुमच्या आईची,’ मी म्हटलं.

‘पुढच्या पानावर ती मरते,’ बाई म्हणाल्या. ‘माझी आई चौऱ्याण्णव वर्षांची आहे. मी निघाले तेव्हा चहात बिस्किट बुडवत होती.’

दादा, समोर मुलांच्या परतीच्या पुस्तकांचा गठ्ठा होता, तो मी उगाचच सरळ करत बसले.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. रडल्या नाहीत, चढ्या आवाजातही बोलल्या नाहीत. एके दिवशी घोडेस्वार आले, कागद दाखवला. ही जमीन आता नव्या माणसांची, दुपारच्या आत निघा. अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. आई तेव्हा सहा वर्षांची. ‘नवी माणसं कोण ते आम्हाला कधीच कळलं नाही,’ बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काय ठाऊक, मी कोण ते. मी फक्त ग्रंथपाल. मी मान हलवली आणि पाणी मागवलं. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

सांगितलं नाही मी. तोंडापर्यंत आलं होतं, पण नाही सांगितलं.

आता तू सांग. आपण लहानपणापासून ज्या दोन खुणांना गेलेल्या भावंडांच्या म्हणत आलो, ज्यांच्यावर तू एक प्रकरण लिहिलंस आणि गावभरच्या पोरांना रडवलंस, त्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या, आणि त्यातली एक बाई इथून तीन गल्ल्या सोडून राहते. आजीने हे सांगितलं नसेल असं होणारच नाही. ती काही लपवणारी बाई नव्हती. माझ्या वह्यांत असणार आणि तू ते गाळलंस, कारण रिकामं घर छान दिसतं पुस्तकात. जिवंत पोरगी मारून टाकायला जरा तरी हात अडखळला का रे तुझा?

वह्या पाठव. आजच्या आज.


१८ ऑगस्ट

दादा,

वह्या पोचल्या. सोबत तुझी चिठ्ठी नाही, एक शब्द नाही. फक्त दुसऱ्या वहीला टाचणीने लावलेलं माझं जुनं पोस्टकार्ड.

मी ते पूर्ण विसरले होते. खरंच विसरले होते. पटणार नाही, पण ऐक. दहा वर्षांपूर्वी तू पुस्तक लिहायला घेतलंस आणि मला विचारलंस, हे घर आधी कुणाचं होतं, वहीत काहीच कसं नाही? त्यावर माझं उत्तर, माझ्याच अक्षरात: ‘घर रिकामं होतं. कुणाचंच नव्हतं. उगाच खोलात जाऊ नकोस.’

तू ते जपून ठेवलंस आणि परवाच्या माझ्या शिव्या खाऊनही नुसतं टाचणीने लावून पाठवलंस. वर दोन ओळी लिहिल्या असत्यास तर मला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या वहीतलं पान उघडलं. ‘संध्याकाळी पोचलो. घर रिकामं होतं.’ आणि त्यापुढे अर्धी ओळ खोडलेली. तिन्ही वह्यांत मिळून तेवढीच एक खाडाखोड आहे. तुलाही ती दिसली असणार.

आता लपवून उपयोग नाही. खोडलेलं काय होतं ते सांगते.

आजी त्या दिवशी बरी होती. उशीला टेकून बसली होती, मी स्टुलावर. ती म्हणाली, ‘हे नीट लिही हं. आम्ही पोचलो तेव्हा चूल गरम होती. भांडं चुलीवर होतं. त्यात होतं ते आम्ही भावंडांनी खाल्लं.’ मी लिहायला लागले, आणि अर्ध्यात विचारलं, कुणाचं भांडं? ती म्हणाली, ‘तेच मी आईला विचारलं. तिने थोबाडीत मारली. तोवर आईने कधी हात उगारला नव्हता. दुसऱ्या दिवशी वडलांनी आमच्या खुणा चौकटीवर केल्या, त्या दोन खुणांच्या शेजारी. आणि आईने सांगितलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, ही आपलीच भावंडं, वारली. आम्ही म्हणालो. म्हणता म्हणता थोरल्याला तर ते खरंच वाटायला लागलं.’ मग ती रडली. मी तिला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. जरा वेळाने तिने विचारलं, ‘लिहिलंस?’

मी म्हटलं, ‘हो, लिहिलं.’

लिहिलं नव्हतं, दादा. खोडलं होतं. बावीस वर्षांची होते मी, आजी म्हणजे माझं दैवत. माझी आजी दुसऱ्याच्या चुलीवरचं काढून घेणाऱ्यांतली असूच शकत नाही, आजारपणात काहीबाही बोलतेय, असं मी ठरवलं. दोन महिन्यांनी ती गेली. मरणाऱ्या माणसाने हाताला धरून एक गोष्ट सांगितली, आणि मी ती पानावरून पुसली. नंतर डोक्यातूनही पुसली असेल. माणूस काय वाट्टेल ते करू शकतं.

परवा मी तुला धक्का बसल्याचं लिहिलं. धक्का खोटा नव्हता. चूल मला ठाऊक होती, पण चुलीमागे माणसं होती हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. त्यांना नातवंडं होतील, त्यातली एक सत्तावीस वर्षं माझी पुस्तकं बांधील, तिची आई चहात बिस्किट बुडवील. हे मला बाई बसल्या तेव्हा कळलं. चौकटीवर निव्वळ रेघा होत्या रे. त्यांना मी पाय लागू देत नसे, पण त्या कुणाच्या हे विचारलं नाही.

आणि नऊ वर्षं मी तुला चोर म्हणत फिरले. तू माझ्या वहीतलं घेतलंस आणि माझं नाव लिहिलं नाहीस, तो राग अजून आहे, तो तसाच राहील. पण खोटं तुझं नव्हतं. तू फक्त माझ्या खोट्याला प्रकरणाचा आकडा दिलास.

तुझी बहीण


२५ ऑगस्ट

दादा,

काल तुझा फोन आला, तू ‘मुंगे’ म्हणालास. मी ठेवून दिला. रागाने नाही. बोलले असते तर रडले असते, आणि ऑफिसात सगळ्यांचे कान टवकारलेले. ठेवता ठेवता तू म्हणालास तेवढं ऐकलंय: ‘तू ठरव. तू म्हणशील ते मी करीन.’ मोठाच की तू. निर्णय माझ्या गळ्यात टाकून मोकळा.

तर इथलं ऐक. आज बाई पुन्हा आल्या. पुस्तक बांधून आणलं होतं. इतकी सुबक बांधणी त्यांनी आजवर केली नव्हती: नवीन कापड, पाठीला दुहेरी पट्टी, सातवा फर्मा पक्क्या दोऱ्याने शिवलेला. हातात घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, ‘बाई, एवढं कशाला केलंत, तेही ह्या पुस्तकाला?’

‘आईने करायला लावलं,’ त्या म्हणाल्या. त्यांनी आईला अख्खं पुस्तक वाचून दाखवलं होतं. पाच रात्री लागल्या. सातव्या प्रकरणात आपण मेलो हे ऐकून म्हातारी हसली म्हणे. ‘मला मारलं तर मारलं. पण घर जळलं नाही ना? लोक राहिले ना त्यात?’ तीनतीनदा विचारून घेतलं.

मग मला उलगडा झाला. त्या दिवशी चूल विझवायचं काम तिच्याकडे होतं. निघायच्या गडबडीत राहून गेलं. वाटेत तिच्या आईला आठवलं, ‘चूल विझवलीस का गं?’ आणि ही गप्प. घर जळून गेलं असणार, हिच्यामुळे, असं त्या घरातला प्रत्येक जण मरेपर्यंत धरून चालला. कोणी तिला बोललं नाही, पण कोणी नाहीही म्हणालं नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षं, दादा. सहा वर्षांच्या पोरीने आपलं घर जाळलं असं समजून ती बाई जगली. आणि तिला तू सांगितलंस की घर उभं होतं. आपल्या खोट्या पुस्तकातली एवढी एक गोष्ट खरी निघाली.

‘आता एकच घोकते,’ बाई म्हणाल्या. ‘मग चूल विझवली कुणी? लेखकाला पत्र टाकून विचाराल का? तिच्याजवळ फार दिवस नाहीत. डॉक्टर काही बोलत नाहीत, पण औषधं कमी केलीत.’

मी म्हटलं, विचारते.

विचारते म्हणाले मी, शहाजोगासारखं. तू सोडलास तर उत्तर माहीत असलेलं या जगात एकच माणूस आहे, आणि ते त्यांच्यासमोर खुर्चीत बसलं होतं.

तुला एक कबूल करते, पुन्हा कधी काढू नकोस. बाई गेल्यावर मी शिफारसपत्राचा कागद काढला. म्हटलं, म्हातारी खूश आहे, पुस्तक बांधून आलंय, कुणाला काही कळणार नाही. ‘लेखक’ म्हणून दोन ओळींचं उत्तर मीच लिहून देते, शिफारसीवर सही करते, झालं. ‘सरहद्दीवरच्या कुटुंबजीवनाचं प्रामाणिक चित्रण, दहा ते चौदा वयोगटासाठी’ इथवर लिहिलंही. ‘प्रामाणिक’ शब्दावर पेन थांबलं. शनिवारी त्याच पोरांसमोर मला बसायचं असतं. त्यांना कळलं नसतं. पण कोणी चुळबुळ केली नसती तर मलाच ओरडावंसं वाटलं असतं, अरे हला, हे पान खोटं आहे.

कागद फाडला. रविवारी बाईंकडे जातेय. मला भीती वाटतेय, दादा. त्यांनी दार लावून घेतलं तर बरोबरच आहे, आणि म्हातारीला काही झालं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. पण ती गेल्यावर उत्तर सापडलं तर त्याहून वाईट.

मुंगी


३० ऑगस्ट

दादा,

आधी कामाचं. प्रकाशकांना काल कळवून टाकलं: मी लेखकाची सख्खी बहीण आहे, त्यामुळे माझी शिफारस तशीही धरायची की नाही ते तुम्ही ठरवा, आणि धरायची असेल तर सातव्या प्रकरणात एक जिवंत मुलगी मेली आहे, ती परत आल्याशिवाय मी सही करणार नाही. यादीत नाव जायला उशीर होईल, कदाचित जाणारच नाही. तुझं नुकसान मी केलंय. तू ‘म्हणशील ते’ म्हणाला होतास, तेच धरून चालले.

आता बाकीचं. बाईंचा कारखाना खाली आणि त्या वर राहतात. जिन्यापर्यंत खळीचा वास येतो. कापलेल्या कागदांच्या पट्ट्यांची पोती, मध्ये पुस्तकं दाबायचा शिकंजा. बाई त्यात पुस्तकं घालून चक्र आवळत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ती नवी माणसं म्हणजे आम्ही. लेखक माझा भाऊ. चुलीचं मला आजीने सांगितलं होतं, मी ते खोडलं, आणि मागच्या दोन्ही वेळी तुमच्यापासून लपवलं.

त्यांनी चक्र आवळणं थांबवलं नाही. पुरतं बसलं तेव्हा म्हणाल्या, ‘सत्तावीस वर्षं मी तुमच्या सहीवर पुस्तकं घेऊन जातेय.’ मी म्हटलं, हो. ‘माझा मामा वाटेतच गेला. थंडीने. अकरा वर्षांचा होता.’ मी मान खाली घातली. ‘आईला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. तुमचं ओझं आहे, तुम्हीच जिना चढा.’

मी जिना चढले.

म्हातारी खिडकीपाशी खुर्चीत बसून शिवायच्या दोऱ्याला मेण लावत होती. केवढीशी रे ती. हात मात्र भरभर चालत होते. बाईंनी कानाशी तोंड नेऊन सांगितलं, ग्रंथालयातल्या बाई आल्यात. आणि तेव्हा मला कळलं की हिला ऐकू येत नाही. आयुष्यातली सगळ्यात लाजेची गोष्ट मला बोंबलून सांगावी लागली. ‘तुमच्या घरात आम्ही राहायला आलो,’ मी ओरडले. ‘काय?’ ती म्हणाली. ‘आम्ही! माझी आजी!’ खालच्या रस्त्यावर एक सायकलवाला थांबून वर बघायला लागला. दादा, ह्यापेक्षा मोठी शिक्षा कोणी ठरवून दिली नसती.

तिला कळलं. दोऱ्याचं रीळ मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. मी रागाची वाट बघत होते. ती म्हणाली, ‘मग चूल?’

‘चूल गरम होती. माझ्या आजीने सांगितलंय. भांडं वर होतं. त्यांनी त्याच चुलीवर लाकडं घातली. घराला काही झालं नाही. तुम्ही विझवली नाहीत म्हणून ते त्या रात्री थंडीने मेले नाहीत.’

हे शेवटचं मी आधी ठरवून गेले नव्हते. ओरडता ओरडता तोंडातून आलं, आणि आल्यावर मलाच कळलं की खरं आहे. आजी जगली म्हणून आई झाली, आई झाली म्हणून तू आणि मी. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. म्हातारी बोटांवर मोजायला लागली.

‘बटाटे होते,’ ती म्हणाली. ‘भांड्यात. आईने पाच टाकले होते, आम्ही पाच माणसं. उकडायला ठेवले आणि ते घोडेवाले आले. काय झालं त्यांचं?’

मी म्हटलं, ‘खाल्ले.’

‘कुणी?’

‘आजीने. आणि तिच्या भावंडांनी.’

‘केवढी होती तुमची आजी?’

‘सात वर्षांची.’

‘माझ्याहून एका वर्षाने मोठी,’ ती म्हणाली. पुन्हा दोरा उचलला, मेण लावायला लागली. ‘गाडीत बसून आलेली, कुठून कुठून. भूक लागली असणार पोरीला. पोट भरलं का तिचं?’

दादा, तिने पुन्हा विचारलं, तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही. तुला आठवतं ना, आपल्या घरी आजीच्या पानात बटाटा कधी वाढत नसत. तिला वातूळ पडतो, म्हणायचे सगळे. आई तिच्यासाठी वेगळी भाजी करायची. भर आजारपणातसुद्धा डॉक्टर म्हणाले मऊसर काहीतरी द्या, उकडलेला बटाटा कुस्करून द्या, तेव्हा तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि चमचा हातात घेऊन उभी मीच होते.

मुंगी